दोन घास कमी: माळावरच्या लहान धावा (प्रकल्प नोंदी)

५ ऑक्टोबर, रविवार

काम असं ठरलं: आयुष्यात कधीच न धावलेल्या माणसांसाठी सोलापूरजवळ मातीवरची एक छोटी फेरी आखायची, आणि गड्ड्याची यात्रा (संक्रांतीला भरणारी सोलापूरच्या सिद्धेश्वराची जत्रा) उरकेपर्यंत त्यांना सलग वीस मिनिटं धावता आलं पाहिजे. अंतराचं लक्ष्य नाही, वेगाचं तर नाहीच. अट एकच: थांबताना "अजून एक फेरी मारू का?" असं मनात आलं पाहिजे. जेवताना दोन घास कमी खाऊन उठावं म्हणतात, तोच हिशोब इथे. पहिल्या दिवशी पाच किलोमीटर रेटलेला माणूस तिसऱ्या दिवशी येत नाही. पंधरा-वीस मिनिटांत थांबवलेला येतो.

जागा पाहिल्या. विजापूर रस्त्यावरचा सिद्धेश्वर वनविहार आणि कंबर तलावाचा परिसर सावलीचा, शहरातल्यांना सोयीचा. एकट्याने सराव करायचा असेल तर तीच जागा बरी. पण सकाळी फिरायला येणारे बरेच, त्यात वीस जणांचा घोळका घुसवणं योग्य नाही. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा, म्हणजे १८७१ सालचा एकरुख तलाव, हिवाळ्यात पक्ष्यांमुळे फार देखणा. मात्र काठाची माती काळी आणि पाऊस झाला की घसरडी. नान्नजचा माळ डोळ्यांसमोर होता, पण तो १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांच्या गवतात धावणाऱ्यांचं काही काम नाही. यादीतून काढला.

शेवटी होटगी रस्त्यापलीकडचा एक मुरमाड माळ पक्का केला. शेताच्या मालकाची परवानगी तोंडी नको, चिठ्ठीवर घेतली, कारण पुढच्या वर्षी माळ कुणी दुसऱ्याने कसायला घेतला तर वाद नको. पसंतीची कारणं: पाणंदीने चारचाकी आत येते, मोबाईलला रेंज आहे, मोठा रस्ता कुठेही ओलांडावा लागत नाही आणि एका बाजूला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभा आहे. घटस्थापनेच्या सुमाराला पेरलेला, आत्ता वीतभर.

१२ ऑक्टोबर, रविवार

फेरी मोजली. मोबाईलवरचं अंतर वळणावळणाच्या पायवाटेवर कमी भरतं, कारण तो ठरावीक वेळाने ठिपके घेऊन ते सरळ रेषेने जोडतो आणि कोपरे कापले जातात. म्हणून सायकल वापरली. पद्धत सोपी आहे. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह जमिनीलगत आणायचा, तिथे खूण करायची, कुणीतरी सायकलवर बसून एक पूर्ण फेरा पुढे जायचं आणि पुन्हा खूण. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजायचं. बसून मोजणं महत्त्वाचं, वजनाने टायर दबतो आणि फेरा थोडा आखूड होतो. आपल्या चाकाचा फेरा २.०७ मीटर भरला. आऱ्याला लाल चिंधी बांधून मोजले तर ५८० फेरे, म्हणजे १,२०० मीटर.

हे अंतर मुद्दाम एवढंच ठेवलं. बंद फेरी असल्यामुळे कुणीही कुठेही थांबलं तरी सुरुवातीची जागा जवळच्या बाजूने ६०० मीटरच्या आत. घोटा मुरगळला तरी लंगडत येता येतं. नव्या माणसाला "आपण परत कसे जाणार" ही धास्ती नसली की त्याचा श्वास निम्मा तिथेच सुधारतो.

खुणा: जमिनीवर चुन्याची फक्की, दर १०० मीटरला हातभर रेघ. एका फेरीला साधारण दोन किलो लागते. वळणांवर झाडाला सुती पट्ट्या, टॉवेलच्या कारखान्यातून निघणाऱ्या काठाच्या. प्लास्टिकची रिबन वापरायची नाही, शेळ्या खातात. शेळी सुती पट्टीही सोडत नाही, म्हणून पट्टी डोक्याच्या उंचीवर आणि गाठ खोडाच्या आतल्या बाजूला. वळणाच्या आधी दहा पावलांवर एक आणि वळल्यावर लगेच एक. दुसरी पट्टी दिसली की माणूस निर्धास्त होतो. ती नसली तर थांबून मागे बघतो आणि लय तुटते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काल परतीचा पाऊस. आज फक्त जमीन पाहायला गेलो.

मुरमाचा भाग दुपारपर्यंत कोरडा. पण शाळूच्या कडेचा १५० मीटरचा तुकडा काळ्या मातीचा आहे, तिथे दहा पावलांत बुटाखाली एवढा थर चढला की बूट दुप्पट जड. या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. म्हणजे त्रास दोनदा: पावसात चिकटते, सुकल्यावर भेगा पडतात. भेगांत हाताचा पंजा जातो, मग पावलाची पुढची बाजू सहज अडकेल.

परीक्षा ठरवली. मूठभर माती घेऊन दाबायची. हात उघडल्यावर गोळा तसाच राहून तळव्याला चिकटला, तर त्या दिवशी काळ्या तुकड्यावर पाय ठेवायचा नाही. गोळा बोटाने टोचताच फुटला तर चालेल. चांगला पाऊस झाल्यावर मुरूम काही तासांत तयार होतो, काळ्या मातीला दोन-तीन दिवस द्यावे लागतात. त्या तुकड्याला वळसा घालणारी दुसरी वाट बांधावरून आखून ठेवली. पेरलेल्या वाफ्यातून कुणीही जाणार नाही, हे पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगायचं.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी तोंडावर, त्यामुळे बुटांचेच प्रश्न सगळ्यात जास्त आले. उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

महागडे ट्रेल बूट आत्ता नकोत. मुरमाड सपाट माळाला साधे धावायचे बूट पुरतात, फक्त सोल झिजून गुळगुळीत झालेला नसावा. नवे घ्यायचेच असतील तर संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाऊल थोडं सुजलेलं असतं. ज्या मोज्यांवर धावणार तेच घालून जावं. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. टाच मात्र हलता कामा नये. हलत असेल तर वरच्या शेवटच्या दोन छिद्रांतून लेस त्याच बाजूला ओवून छोटा फास करायचा आणि समोरची लेस त्या फासातून काढून खाली ओढायची. टाच जागच्या जागी बसते.

जाड सुती मोजे नकोत. घाम धरून ठेवतात, ओलं कापड कातडीवर घासतं आणि फोड येतो. पातळ सिंथेटिक मोजे घ्यावेत. सलवार घालून येणाऱ्या ताईंनी मोहरी घोट्यापाशी रबराने बांधावी, काट्यात अडकली की माणूस तोंडावर पडतो. स्पोर्ट्स ब्रा बुटाइतकीच गरजेची. ती नीट बसणारी नसेल तर पहिल्या मिनिटातच धावणं नकोसं होतं आणि दोष दमाला दिला जातो.

२६ ऑक्टोबर, रविवार: पहिली धाव

सूर्योदय ६:२० च्या सुमारास. ६:१५ ला जमलो, उजेड पुरेसा.

आराखडा: पाच मिनिटं भरभर चालणं, मग एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं असं सहा वेळा, शेवटी चार मिनिटं संथ चाल. एकूण २७ मिनिटं, त्यात धावणं फक्त सहा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस तरी रिकामा. हाडं आणि स्नायूबंध दमापेक्षा हळू तयार होतात. दम दोन-तीन आठवड्यांत सुधारतो आणि माणूस वाढवायला लागतो, तिथेच नडगी दुखायला सुरुवात होते. रिकामा दिवस त्यासाठी.

चाळिशीपुढचे, रक्तदाब किंवा मधुमेह असलेले, चालताना छातीत भरून येणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारून यायचं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवायची. यात सवलत नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

रविवारी जे बिघडलं ते एकाच कारणाने: पहिलं मिनिट. "धावा" म्हटलं की लोक शाळेतल्या शंभर मीटरच्या शर्यतीसारखे सुटतात. वीस सेकंदांत धाप, चाळिसाव्या सेकंदाला कुशीत कळ, आणि मग "माझ्याच्याने हे होणार नाही" हा निकाल.

उपाय: बोलत धावायचं. शेजाऱ्याला घरून इथपर्यंत कोणत्या रस्त्याने आलात ते सांगायचं. "आधी सात रस्ता चौकात आलो, मग तिथून डावीकडे वळलो" एवढं वाक्य एका दमात निघालं तर वेग बरोबर. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर हळू व्हा, आणखी हळू, इतकं हळू की शेजारून भरभर चालणारा बरोबरीने येईल. तेही धावणंच आहे. माळावर याला लाजायचं कारण नाही, बघायला टिटवीशिवाय कुणी नसतं.

कळ आलीच तर चालायला लागायचं, दुखऱ्या जागी बोटं दाबायची आणि ओठ आवळून लांब श्वास सोडायचा. बहुतेक वेळा मिनिट-दोन मिनिटांत जाते. निघण्याआधी तासाभरात भरपूर चहा-पोहे झाले असतील तर ती येतेच. लहान धावेला पोटात काही नसलं तरी चालतं. भूक सहन होत नसेल तर अर्धं केळं, अर्धा तास आधी.

२ नोव्हेंबर, रविवार

त्याच आराखड्याचा दुसरा आठवडा. कुणालाही वाढवू दिलं नाही. मागितलं दोघांनी, ही चांगली खूण.

९ नोव्हेंबर, रविवार

दोन मिनिटं धावणं, दोन चालणं, पाच वेळा. शाळू कमरेला.

गवत वाळलं आणि कुसळं सुरू झाली. कुसळाचं टोक भाल्यासारखं असतं आणि मागची शेपटी कोरड्या हवेत पीळ घेते, दमट हवेत तो सोडते, त्यामुळे ते मोज्यातून आत आत शिरत जातं. बाहेर ओढताना उलटे केस अडकतात. इलाज: जुन्या मोज्याचा पंजा कापून टाकायचा, उरलेली नळी बुटाच्या तोंडावर आणि घोट्यावर ओढून घ्यायची. खर्च शून्य. परतल्यावर मोजे उलटे करून बारीक फणीने विंचरायचे. तसेच धुवायला टाकले तर कुसळं बाकीच्या कपड्यांत जातात.

सराटे सोलमध्ये नुसते रुततात, बाभळीचा काटा मात्र आरपार येतो. त्याची लांबी बोटाच्या दोन पेरांएवढी असू शकते आणि बुटाचा फोम त्याला अडवत नाही. सगळ्यात वाईट जागा झाडाखाली नसते, कुंपणाला टाकलेल्या काटेरी फांद्या वाऱ्याने जिथे वाटेवर येतात तिथे असते. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी एकाने खराटा घेऊन पूर्ण फेरी चालायची. वीस मिनिटांचं काम. काटा मोडून आत राहिला तर चिमटा आणि निर्जंतुक सुईने काढावा, साबणाने धुवावं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं आठवत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना.

फुरसं आणि घोणस या माळावर असतात हे गृहीत धरूनच वागायचं. दगडाखाली हात घालायचा नाही, लेस बांधायला दगडाच्या राशीवर बसायचं नाही, गवतातून आडवाट काढायची नाही. दंश झालाच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, कडं, पैंजण उतरवायचं, पाय न हलवता ठेवायचा, १०८ ला फोन आणि थेट शासकीय रुग्णालय. चारचाकी आत येईल अशी जागा निवडली ती याचसाठी.

१६ नोव्हेंबर, रविवार

फेरीच्या ७०० मीटरवर हिवराचं झाड आहे, तिथून ओढ्यापर्यंत ८० मीटरचा उतार. लोक उतारावर मागे झुकून टाचेने ब्रेक लावतात. मुरमावर टाच घसरते आणि धक्का सरळ गुडघ्याला. करायचं उलट: पावलं आखूड आणि झटपट, गुडघे किंचित मोकळे, हात कोपरापासून थोडे बाहेर. नजर बुटावर नाही, तीन-चार मीटर पुढे. डोळ्यांनी पाहिलेला दगड पाय दोन पावलांनी आपोआप चुकवतो.

उतारानंतर मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतील, स्नायू ताणला जात असताना भार झेलतो म्हणून. ही कळ दोन्ही पायांत सारखी असते आणि हालचालीने कमी होते. काळजी करू नये.

घरचा सराव: दात घासताना एका पायावर ३० सेकंद, मग दुसऱ्या. जमलं की डोळे मिटून. जिन्याच्या पायरीवर चवड्यांनी उभं राहून टाचा वर-खाली, १२ वेळा, दोनदा. मुरगळणं कमी करायचं तर घोट्यावर बांधलेल्या पट्ट्यापेक्षा हे काम जास्त उपयोगाचं आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

तीन मिनिटं धावणं, एक चालणं, पाच वेळा. हा टप्पा सगळ्यात अवघड, विश्रांती एकदम निम्म्यावर येते. ज्यांना जड गेलं त्यांनी मागच्या आठवड्याचाच आराखडा पुन्हा करायचा.

नडगीची तक्रार आली. कसोटी: नडगीच्या आतल्या कडेने बोट फिरवा. वीतभर भागात बोथट दुखत असेल तर आठवडाभर धावणं निम्मं, चालणं पूर्ण. एकाच बोटाच्या टोकाएवढ्या जागी तीव्र दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल तर धावणं बंद आणि हाडाचे डॉक्टर. चौकशी केल्यावर कळलं की मधल्या दिवशी घराजवळच्या सिमेंटच्या रस्त्यावर जास्तीचा सराव चालला होता. दोन घास कमी हे मधल्या दिवसांनाही लागू आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

वस्तीवरची कुत्री. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्यांचा स्वभाव, म्हणून वस्तीच्या १०० मीटर आधीपासून चालायचं. अंगावर आलं तर थांबायचं, अंग तिरकं ठेवायचं, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, हळूहळू मागे सरायचं. चावलं किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

वस्तीवरच्या आजींना चुन्याच्या रेघा कशाच्या ते सांगून आलो. कुत्र्यांची नावं कळली. नावाने हाक मारली की निम्मं काम होतं.

७ डिसेंबर, रविवार: घड्याळाविना

पाच मिनिटं धावणं, एक चालणं, तीन वेळा. आज घड्याळं आणि मोबाईल गाडीत ठेवायला लावले, शिट्टी एकाच्याच हातात.

हा प्रयोग दरवेळी करण्यासारखा आहे. रस्त्यावर पाऊल सारखंच पडतं, म्हणून लक्ष थकव्यावर जातं. माळावर प्रत्येक पाऊल वेगळं: इथे सैल खडी, इथे मऊ मुरूम, इथे बांधाची चढण. लक्ष बाहेर राहतं आणि मिनिटं कळत नाहीत. प्रत्येकाला एकच काम दिलं: फेरी संपल्यावर ऐकलेली किंवा दिसलेली एक गोष्ट सांगायची. जे आलं ते असं: तारेवर ओळीने बसलेले वेडे राघू, एक उडाला की पुन्हा त्याच जागी. शाळूच्या पानांचा एकमेकांवर घासल्याचा आवाज, वारा नसतानाही, कारण आत होले (लहान कबुतरं) होते. कोळ्याच्या जाळ्यावर दव, तिरप्या उन्हात एकेक थेंब वेगळा. हे सांगताना कुणालाही धाप लागली नव्हती. दमाची याहून चांगली परीक्षा नाही.

२१ डिसेंबर, रविवार

आठ मिनिटं धावणं, दोन चालणं, दोनदा. शाळू डोक्याच्या वर, निसवलेला, म्हणजे कणसं बाहेर पडलेला.

आज सर्वांत लहान दिवस, पण सूर्य सर्वांत उशिरा आज उगवत नाही. आज ६:५० च्या आसपास. जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी पुढे सरकून तो जवळजवळ सातला येईल. जमायची वेळ ६:४५ केली. अंधारात या वाटेवर धावायचं नाही, बॅटरी असली तरी.

गारव्यात लोक स्वेटर घालून धावतात आणि पाचव्या मिनिटाला घामेजतात. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. थांबल्यावर मात्र दोन मिनिटांत ओला शर्ट बदलायचा आणि कोरडा टॉवेल मानेवर; टॉवेलची वाण सोलापुरात कुणाकडे असणार.

पाणी: या ऋतूत अर्ध्या तासाच्या धावेला बाटली हातात धरायची गरज नाही. निघण्याआधी ग्लासभर, आल्यावर तहानेप्रमाणे. मार्चनंतर हे लागू नाही. तेव्हा उजाडताच धावून सूर्य वर यायच्या आत संपवायचं, पहिले दहा-बारा दिवस वेळ निम्मा करून शरीराला उन्हाळ्याची सवय होऊ द्यायची. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायची. ग्लासभर पाण्यात अख्खी पुडी टाकली तर जुलाब होतात.

४ जानेवारी, रविवार

बारा मिनिटं सलग, सगळ्यांची. मग थांबवलं. दोघंतिघं कुरकुरले. ठरल्याप्रमाणे थांबवलंच.

११ जानेवारी, रविवार

पंधरा मिनिटं. गड्ड्याची गर्दी उद्यापासून, त्यामुळे मधल्या दोन धावा कंबर तलावाच्या बाजूला ज्याने त्याने आपल्या सोयीने कराव्यात. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत दिवसभर उभं राहिलेल्यांनी दुसऱ्या दिवशी धावू नये, पोटऱ्या आधीच भरलेल्या असतात.

१८ जानेवारी, रविवार

वीस मिनिटं, दोन फेऱ्या, २,४०० मीटर. मिनिटाला १२० मीटर, म्हणजे आरामाचा वेग. शेवटच्या २०० मीटरला कुणी सुटलं नाही, बोलणं चालू होतं. दोघांनी मध्ये एकेक मिनिट चालून पूर्ण केलं, तेही पूर्णच धरलं.

शाळू हुरड्यावर आला आहे. शेताच्या मालकांनी बांधावर आगटी पेटवली होती, कणसं भाजून हातावर चोळून दिली, सोबत शेंगा चटणी. धावल्यावर लगेच पोटभर खाल्लं तर मळमळतं, म्हणून आधी दहा मिनिटं चालायला लावलं, मगच बसवलं. हुरडा खाताना पाचेक जणांनी तिसऱ्या फेरीचं विचारलं.

शनिवारची कामं: ओढ्याजवळची भेग मुरमाने भरणे, सुती पट्ट्या बदलणे (चार गेल्या आहेत), चुना दोन किलो. पुढच्या रविवारी फेरी उलट्या दिशेने घ्यायची, म्हणजे हिवराकडचा उतार चढ होईल. तेव्हा वेळ पुन्हा बारा मिनिटांवर आणायची.